फ्रेमला ग्राइंडर लावायचा नाही

पाना हातात घ्यायच्या आधीच एक गोष्ट ठरली होती. दुरुस्तीला घेतलेल्या या जुन्या येझदी मोटारसायकलच्या फ्रेमला ग्राइंडर लावायचा नाही आणि वेल्डिंगचा एकही टाका घालायचा नाही. जे काही नवं बसवायचं ते मूळच्याच भोकांत, नट-बोल्टवर. उद्या कोणाला गाडी कारखान्यातून आली तशी करावीशी वाटली, तर माझी हौस एका दुपारीत काढून बाजूला ठेवता आली पाहिजे. रंग, सीट, हँडल यांवर घरात वाद झाले, मतंही बदलली. हा नियम मात्र शेवटपर्यंत टिकला.

पुण्यात कापलेल्या गाड्या खूप दिसतात. मागची फ्रेम उडवलेली, मडगार्ड गायब, एकट्याला जेमतेम बसता येईल अशी सपाट सीट. दोन-तीन वर्षांत हौस फिटते आणि गाडी विकायला निघते. घेणारा विचारतो, मूळचं मडगार्ड कुठे आहे? ते कधीच भंगारात गेलेलं असतं. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. कारखान्याने दिलेल्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये हेच स्पष्ट केलं. तेव्हा कापाकापी न करण्यात माझा सोवळेपणा कमी आणि व्यवहार जास्त होता.

गाडी माझ्या धाकट्या काकांची, १९८२ सालची येझदी २५०. काकांची नोकरी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात, राहायला शनिवार पेठेत, रोजची ये-जा याच गाडीवर. ते गेल्यावर काकूने ती विकली नाही आणि वापरणारंही कोणी नव्हतं, त्यामुळे वाड्याच्या बोळात ताडपत्रीखाली ती वर्षानुवर्षं उभी राहिली. मी विचारलं तेव्हा काकू म्हणाली, "नेतेस तर ने. पण भंगारात घातलीस तर मला कळवू नकोस." वारज्याला आमच्याकडे ती टेम्पोतून आली.

ज्यांनी येझदी चालवली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. जावा मूळची चेकोस्लोव्हाकियाची. १९६१ पासून म्हैसूरच्या आयडियल जावाच्या कारखान्यात ती आपल्याकडे बनू लागली, सत्तरच्या दशकात तिला येझदी हे नाव मिळालं आणि १९९६ मध्ये तो कारखाना बंद पडला. सिलिंडर एक, सायलेन्सर दोन. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ६५ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ७५. किक आणि गिअर यांचा दांडा एकच असतो. तो आत दाबून वर फिरवला की किक, खाली आणला की गिअर. पायाने गिअरचा दांडा दाबला की क्लच आपला आपण सुटतो, म्हणून जुने येझदीवाले हाताचा क्लच फक्त गाडी उचलताना वापरतात.

हे इंजिन घरी खोलता येईल असं वाटण्याचं कारण म्हणजे ते टू-स्ट्रोक आहे. व्हॉल्व्ह नाहीत, टॅपेट नाहीत, कॅम नाही, ऑइलचा पंप नाही. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं, तेच आत जाऊन सगळ्याला वंगण देतं. दुसरं म्हणजे हिचे सगळे नट-बोल्ट मिलिमीटरचे. जुन्या बुलेटला इंची पान्यांचा वेगळा संच लागतो, इथे घरातला रोजचा पाना-संच चालतो. खास हत्यारं म्हणायची तर डायनॅमोचं आर्मेचर (आतला फिरणारा भाग) आणि क्लच ओढून काढायचे पुलर. ते दोन्ही आधी मिळवावेत. आर्मेचरला स्क्रूड्रायव्हर घालून उचकटायला गेलं की क्रँकचं (पिस्टनच्या वर-खाली धावेवर फिरणाऱ्या दांड्याचं) टोक आणि आर्मेचरची गुंडाळी या दोघांचं वाटोळं होतं.

जागेचा प्रश्न होता. सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी पहिल्या रविवारी सायलेन्सर उतरवले आणि सोमवारी लिफ्टशेजारी सूचना लागली: "पार्किंगमध्ये वाहन धुणे, दुरुस्त करणे व सुटे भाग पसरणे यास सक्त मनाई आहे." वाहन धुणारे निम्मे सभासद आहेत, सुटे भाग पसरणारी मी एकटी. तोडगा असा निघाला की चेसिस खाली माझ्याच जागेत झाकून राहील आणि इंजिन वर आमच्या बाल्कनीत येईल. नवरा आणि त्याचा मित्र अशा दोघांनी ते धुण्याच्या टबात घालून लिफ्टने वर आणलं. पुढे कित्येक आठवडे कपडे वाळत घालायला आम्ही गच्चीवर जात होतो.

खोलताना फोटो किती काढावेत? कंटाळा येईल तितके, आणि त्यानंतर आणखी थोडे. केबल कुठून कुठे गेली, वॉशर बोल्टच्या डोक्याखाली होता की नटाखाली, कुठला स्पेसर डावा. प्रत्येक जोडणीचे नट-बोल्ट वेगळ्या पिशवीत आणि पिशवीवर नाव. याबद्दल जास्त लिहीत नाही, कारण हे सगळ्यांना माहीत असतं आणि सगळेच तिसऱ्या दिवशी सोडून देतात.

पिस्टन जाम होता. इतकी वर्षं उभ्या राहिलेल्या टू-स्ट्रोकमध्ये हे व्हायचंच. पोर्टमधून, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतल्या भोकांतून, दमट हवा आत शिरते, बिडाच्या सिलिंडरला गंज धरतो आणि रिंगा चिकटून बसतात. अशा वेळी किकवर उभं राहून उड्या मारणारे बहाद्दर असतात. त्यात पिस्टन सुटत नाही, किकचे दाते तुटतात. मी प्लग काढून त्या भोकातून डिझेल आणि गंज सोडवणारा स्प्रे आत सोडला आणि गाडी तशीच ठेवली. (इंजिन अजून खालीच, फ्रेममध्ये होतं.) रोज संध्याकाळी चौथा गिअर टाकून मागचं चाक हलकेच पुढे-मागे करायचं. चौथा अशासाठी की त्या गिअरमध्ये चाकाच्या एका फेरीमागे इंजिनाच्या फेऱ्या सगळ्यात कमी होतात, म्हणजे चाकाला लावलेला जोर क्रँकपर्यंत सगळ्यात जास्त पोचतो. एका संध्याकाळी चाक नेहमीपेक्षा थोडं पुढे गेलं आणि प्लगच्या भोकातून काळं डिझेल उसळून माझ्या ओढणीवर आलं. ती ओढणी मग गॅरेजचं फडकं झाली.

सिलिंडर काढल्यावर पिस्टनच्या डोक्यावर "२५" हा आकडा दिसला. म्हणजे काकांनी एकदा बोअर करून, सिलिंडर आतून थोडा मोठा करून घेतलेला होता. या गाड्यांचे मोठ्या मापाचे पिस्टन पाव मिलिमीटरच्या टप्प्याने मिळतात: २५, ५०, ७५ आणि १००. ओळखीच्या लेथवाल्या मामांकडे सिलिंडर नेला. त्यांनी बोअर गेज आत फिरवला आणि मान हलवली. ५० वर गंजाचे खड्डे जात नव्हते, ७५ वर भिंत साफ निघणार होती. अजून एक टप्पा हातात राहतो, त्यानंतर स्लीव्ह, म्हणजे आत नवी नळी. "आधी पिस्टन आणा, मग मी बोअर करतो. पिस्टन न बघता बोअर करून देणाऱ्याकडे जाऊ नका," मामा म्हणाले. कारण डब्यावर माप एकच लिहिलेलं असलं तरी दोन कंपन्यांचे पिस्टन शतांश मिलिमीटरमध्ये कमी-जास्त असतात, आणि पिस्टन व भिंत यांच्यातली फट त्याच मापात मोजायची असते.

मामांनी आणखी एक काम न सांगता केलं. बोअर झाल्यावर पोर्टच्या धारदार कडा त्यांनी हाताने मारून घेतल्या. टू-स्ट्रोकमध्ये रिंगा प्रत्येक फेरीला या उघड्या पोर्टवरून घासत जातात. कड तीक्ष्ण राहिली तर रिंग अडकून तुटते आणि नवा सिलिंडर पहिल्याच दिवशी खरवडतो. म्हणूनच पिस्टनच्या खाचेत बारीक पिन असते. रिंग गोल फिरून तिची टोकं पोर्टसमोर येऊ नयेत, एवढंच त्या पिनचं काम. रिंग आधी नुसती सिलिंडरमध्ये सरळ बसवून टोकांमधली फट फीलर गेजने पाहिली. ६५ मिलिमीटरच्या बोअरला ०.२ ते ०.३ मिलिमीटर फट पुरते. हे काम मी घरी केलं आणि ते करताना फार ऐट वाटली.

क्रँकचं मात्र घरी काही करता येत नाही. कनेक्टिंग रॉड वर-खाली ओढून पाहायचा. थोडासुद्धा खेळ लागला तर खालचं बेअरिंग गेलं समजावं. आडवा खेळ थोडा असतोच, त्याने घाबरू नये. आमचा वर-खाली टकटक वाजत होता. क्रँकच्या दोन तबकड्या आणि मधली पिन दाबून जोडलेल्या असतात. त्या हायड्रॉलिक प्रेसवर वेगळ्या करायच्या, नवा रॉड-किट घालायचा, पुन्हा दाबायच्या आणि मग डायल गेजखाली क्रँक फिरवत तांब्याच्या हातोडीने ठोकत ठोकत सरळ करायचा. दोन-तीन शतांश मिलिमीटरच्या आत आउट राहिला तर उत्तम. भोसरीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये शेजारी उभं राहून मी हे पाहिलं. त्या माणसाने गेजकडे बघून क्रँकच्या नेमक्या एका जागी एकच ठोका मारला, आणि काटा शांत झाला. घरबसल्या सगळं करता येतं असं म्हणणाऱ्यांनी एकदा हे बघून यावं.

ऑइल सीलबद्दल मात्र सविस्तर लिहिते, कारण जुन्या टू-स्ट्रोकचे निम्मे रोग तिथे असतात आणि लोक कार्ब्युरेटर खोलत बसतात. क्रँकच्या दोन बाजूंना दोन सील. क्लचच्या बाजूचं गेलं तर इंजिन गिअरबॉक्सचं ऑइल ओढून जाळतं. पांढरा धूर सुटतो, प्लग ओला होतो, आणि गिअर ऑइल कुठे गळत नसूनही कमी होत राहतं. डायनॅमोच्या बाजूचं गेलं तर बाहेरची हवा आत शिरते. मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी, गाडी ॲक्सिलरेटर सोडला तरी फेऱ्या धरून ठेवते आणि इंजिन तापतं. पिस्टन जाम होण्यापर्यंत मजल जाते. सील आणि बेअरिंग "येझदीचं द्या" म्हणून मागू नये. त्यांच्यावर नंबर आणि माप असतं, ते घेऊन सरळ बेअरिंगच्या दुकानात जावं. चांगल्या कंपनीचा नवा माल मिळतो आणि बहुतेक वेळा स्वस्तही पडतो.

नवी बेअरिंग केसिंगमध्ये हातोडीने ठोकायची नसतात. ॲल्युमिनियम तापलं की लोखंडापेक्षा जास्त फुगतं, तेवढंच वापरायचं. रात्रभर बेअरिंग फ्रीजरमध्ये, मटारच्या पिशवीशेजारी. सकाळी हीट गनने केसिंग तापवलं, थेंब टाकला की चर्र वाजेपर्यंत. मग बेअरिंग नुसतं वर धरून सोडलं आणि ते टक्कन आपल्या जागी बसलं. सासूबाई चहा घेऊन आल्या होत्या, त्या म्हणाल्या, "एवढंच? मग ते गॅरेजवाले एवढे पैसे कशाचे घेतात?"

सुट्या भागांसाठी नाना पेठ. पहिल्या दुकानात काउंटरवरच्या मुलाने यादी बघितली आणि म्हणाला, "ताई, साहेबांना पाठवा ना, त्यांना विचारून देतो." मी म्हटलं, साहेब सध्या बाल्कनीत गिअरबॉक्स घासतायत. पुढच्या खेपेपासून तो मला बघितल्याबरोबर आतल्या चाचांना हाक मारू लागला. चाचा म्हातारे, चष्मा कपाळावर, आणि भाग हातात घेतल्याबरोबर कंपनीचा की डुप्लिकेट हे सांगणारे. त्यांचं एक सूत्र मी पाळलं. रबर जुन्या साठ्यातलं घ्यायचं नाही, कितीही ओरिजिनल असलं तरी, कारण रबर डब्यात पडूनही कडक होतं. लोखंड मात्र जुन्याच साठ्यातलं शोधायचं. डुप्लिकेट गिअर आणि किकचे दाते मऊ निघतात. दिसायला तेच, पण कानस लावली की लगेच खातात.

जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी जायचं ते यादी न घेता. तिथे हवं ते मिळत नाही, मिळतं ते हवंसं वाटतं. चेनकेसचा वरचा अर्धा भाग मला तिथे एका कढईखाली सापडला. येझदीची चेन पूर्ण झाकलेली असते, त्यामुळे धूळ-पाणी लागत नाही आणि ती खूप टिकते. आमच्या गाडीचं ते झाकण कोणीतरी कधीच काढून टाकलेलं होतं. विक्रेत्याला ते कशाचं आहे ठाऊक नव्हतं. मलाही ठाऊक नसल्यासारखा चेहरा करून मी घासाघीस केली.

टाकीच्या आतला गंज काढायला लोक नट-बोल्ट घालून हलवतात. आमची टाकी आतून पापुद्रे सुटण्याइतकी गंजली होती, म्हणून विजेची पद्धत वापरली. टाकी पाण्याने भरायची, त्यात धुण्याचा सोडा विरघळवायचा. बॅटरी चार्जरची ऋण बाजू टाकीला, धन बाजू आत लटकवलेल्या लोखंडी सळईला. सळई टाकीला कुठेही टेकता कामा नये. गंज सुटून सळईवर गाळ चढतो, ती मधूनमधून पुसायची. सळई साध्या लोखंडाचीच हवी. स्टेनलेस स्टीलची लावली तर त्यातल्या क्रोमियमची विषारी संयुगं पाण्यात उतरतात. हायड्रोजन सुटतो, म्हणून हे गच्चीवर, उघड्यावर केलं. सायलेन्सरमधल्या जाळ्या काढून कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात बुडवून ठेवल्या, चाळीस वर्षांचा काजळीचा थर भुसभुशीत होऊन निघाला. कॉस्टिक फक्त लोखंडाला. ॲल्युमिनियमचा भाग त्यात गेला तर तोच विरघळतो. आणि हातमोजे, चष्मा घातल्याशिवाय त्या बादलीजवळ कोणी जायचं नाही, हा घरात कायदा केला होता.

रंगाचा निर्णय माझ्या मनाविरुद्ध झाला. मला बाटलीचा गर्द हिरवा हवा होता. पण रंग आरसी बुकात लिहिलेला असतो, तो बदलायचा तर आरटीओत नोंद करावी लागते, आणि आधीच कागदांचा ढीग पुढे दिसत होता. बुकात "काळा" होतं, काळाच केला, टाकीवर सोनेरी बारीक रेघा. त्या रेघा ब्रशने हाताने मारणारे एक पेंटर रास्ता पेठेत भेटले. स्टिकर लावून तीच रेघ दहा मिनिटांत झाली असती, पण हाताच्या रेघेला वळणावर जाडी थोडी बदलते आणि ती जिवंत दिसते.

फ्रेमला पावडर कोटिंग केलं, टाकी आणि मडगार्डला पीयू पेंट. पावडर कोटिंगला देताना दोन गोष्टी स्वतः करून द्याव्यात. हँडलच्या बेअरिंगच्या वाट्या आणि सगळे आटे टेप लावून बंद करायचे. आणि चेसिस नंबरावर उष्णता सोसणारी टेप लावायचीच लावायची. पावडरचा थर जाड असतो, कोरलेला नंबर त्यात बुजतो, आणि आरटीओत पेन्सिल घासून त्याच नंबराचा ठसा घ्यावा लागतो. डेंटिंगवाल्याला सांगितलं होतं की पोचे मागून ठोकून काढा, लांबी (पुट्टी) कमीत कमी भरा. त्याने मागच्या मडगार्डला तरी भरपूर लांबी चोपडली. चुंबक लावून बघितलं तर चिकटेना. ते मडगार्ड खरवडून पुन्हा करायला लावलं. क्रोम करून घेतलं ते सायलेन्सर, हँडल आणि रिम यांवर, आधी निकेलचा नीट थर देऊन. क्रोम दिसतं चकचकीत, गंज अडवतं ते खालचं निकेल. या एका कामाला इंजिनाच्या सगळ्या कामाइतकेच पैसे गेले, आणि त्याबद्दल घरी अजून बोलणं निघतं.

आता हौसेचे बदल. सगळ्यात उपयोगी ठरला तो कोणाला दिसत नाही. गाडी मूळची सहा व्होल्टची. तिचा हेडलाइट म्हणजे आपण येतोय हे समोरच्याला कळावं एवढ्यापुरता, आपल्याला रस्ता दिसावा अशी त्यात सोय नाही. डायनॅमो किती वीज देणार हे आर्मेचरच्या फेऱ्यांवर आणि फील्डच्या करंटवर ठरतं. जुना यांत्रिक रेग्युलेटर सहा व्होल्टच्या हिशेबाने तो करंट तोडत-जोडत राहतो. त्याच्या जागी बारा व्होल्टचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर बसवला की तोच डायनॅमो बारा व्होल्ट देतो, फक्त चार्जिंग थोड्या जास्त फेऱ्यांवर सुरू होतं. बरोबर इग्निशन कॉइल, हॉर्न, बॅटरी आणि सगळे बल्ब बारा व्होल्टचे. वायरिंग पूर्ण नवं ओढलं. पावडर कोटिंगमधून वीज जात नाही, म्हणून अर्थिंगच्या प्रत्येक जागी रंग खरवडून धातू उघडा केला, आणि शिवाय एक जाड अर्थ वायर इंजिनापासून थेट बॅटरीपर्यंत नेली. ठिणगी पाडणारे पॉइंट आणि कंडेन्सर मूळ पद्धतीचेच ठेवले. कोकणात कुठे गाडी बंद पडली तर पॉइंट घासून निघता येतं. सीडीआय (ठिणगीचं इलेक्ट्रॉनिक युनिट) जळला तर तो हातात धरून एसटीची वाट बघायची.

जुन्या जावा-येझदीची किल्ली म्हणजे एक खिळा, आणि खरोखरच्या खिळ्यानेही काम भागतं. त्यामुळे एक छुपा स्विच बसवला आहे. कुठे, ते लिहीत नाही.

हँडल मूळच्यापेक्षा बसकं आणि सपाट घेतलं, त्यासाठी केबल आखूड करून घेतल्या. सीटच्या मूळ पत्र्यावर नवा फोम आणि तपकिरी रेक्झिन. मागे सामानासाठी कॅरिअर, तो सीटच्या आणि शॉकअब्सॉर्बरच्या बोल्टवरच धरला आहे. पुढे डिस्क ब्रेक टाकून देतो म्हणून एकजण मागे लागला होता. त्यासाठी फोर्क, हब, सगळंच बदलावं लागतं. नाही म्हटलं. त्याऐवजी ड्रम लेथवर साफ करून घेतले आणि नवे लायनर ड्रमच्या गोलाईला घासून जुळवले. सत्तरच्या पुढे पळवायची नाही, मग ते पुरतात. काढलेलं मूळ हँडल, सहा व्होल्टचा रेग्युलेटर, कॉइल, हॉर्न, पुढच्या मडगार्डवरची वाकडी नंबर प्लेट, सगळं ग्रीस लावून एका पेटीत माळ्यावर ठेवलं आहे. नंबर प्लेट काढायची इच्छा नव्हती, पण १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांनाही आता एचएसआरपी (सरकारी सुरक्षित नंबर प्लेट) सक्तीची आहे.

कागदांचं थोडक्यात. गाडीचा नंबर एमएच १२ येण्याच्या आधीचा, तीन अक्षरांचा. बुक कागदी, काकांच्या नावावर, आणि मुदत कधीच संपलेली. आधी संगणकात जुनी नोंद चढवून घ्यायची, मग मालक हयात नसल्याने वारसाच्या नावे करण्यासाठी फॉर्म ३१ आणि इतर वारसांची ना-हरकत, मग नूतनीकरणासाठी फॉर्म २५, पर्यावरण कर, विमा, पीयूसी, आणि गाडी प्रत्यक्ष दाखवणं. एजंट म्हणाला, "मॅडम, हे तुमच्याने होणार नाही." झालं, पण त्यासाठी संगम पुलाजवळच्या आरटीओतल्या सगळ्या खिडक्या ओळखीच्या झाल्या. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना २०२१ पासून व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते, "व्हीए" अक्षरांचा नंबर मिळतो. आमची अजून त्या वयाची नाही, आणि झाली तरी मी तिकडे जाणार नाही, कारण त्या नोंदणीवर गाडी रोज वापरता येत नाही. पीयूसीची धास्ती होती. मार्च २००० पर्यंतच्या दुचाकींना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ४.५ टक्के आहे, त्यात ती सहज बसली.

पहिल्यांदा सुरू केली तेव्हा टायमिंग दोनदा तपासलं होतं. पिस्टन वर पोचायच्या सुमारे तीन मिलिमीटर आधी पॉइंट उघडले पाहिजेत, हेड बसवण्याआधी डायल गेज लावून ते जुळवलं होतं, पॉइंटची फट ०.४. किक मारली, काही नाही. पुन्हा मारली, काही नाही. छुपा स्विच बंद होता, आणि तो नवऱ्याने "तपासायला" बंद केला होता. नंतर पहिल्या किकला लागली. धुराने पार्किंग भरलं, जोडताना लावलेलं सगळं ऑइल जळत होतं. सेक्रेटरी खाली आले, आता सूचना क्रमांक दोन, असं मला वाटलं. ते थोडा वेळ आवाज ऐकत उभे राहिले आणि म्हणाले, "माझ्याकडे होती. सेकंडहँड. ७९ ची." मग अर्धा तास त्यांना घरी जाववेना.

सध्या रनिंग-इन, म्हणजे नव्या भागांना सवय होईपर्यंत हळू चालवणं, चालू आहे. लिटरला ५० मिली ऑइल, पन्नासच्या आत वेग, एकाच वेगाने फार वेळ चालवायची नाही, सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जायचं पण घाट चढायचा नाही. पुढे लिटरला ४० मिलीवर आणेन. हेडचे नट पहिल्या फेरीनंतर थंड इंजिनावर पुन्हा आवळले, थोडे घेतलेच त्यांनी. आता डोक्याला ताप आहे तो पेट्रोलमधल्या इथेनॉलचा. कार्ब्युरेटरच्या जुन्या मापाच्या जेटला (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकाला) मिश्रण पातळ पडतं, म्हणून मेन जेट एक नंबर मोठा टाकला आहे. पेट्रोलची नळी आणि कॉकचे रबर इथेनॉल सोसणारे घातले आहेत. इथेनॉल पाणी ओढतं, त्यामुळे गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत चालवते आणि मगच बंद करते. गेल्या रविवारी खडकवासल्याहून आल्यावर प्लग काढून बघितला तर तपकिरी होता, कडेला किंचित काळा. थंडीत हवा जड झाली की हा जेट बहुतेक बरोबर बसेल. मार्चमध्ये पुन्हा बघावं लागेल.